गाडी सोपी करीन, रस्ता नाही

अन्याय माझ्या भाऊजींवर झाला. मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या ग्रामपंचायतीच्या सभागृहात रस्त्यांच्या कचेरीतल्या साहेबांनी खेळातल्या स्टेअरिंगवरचे हात काढून टाळी दिली आणि "रस्ता तर एकदम मस्त आहे की" असं म्हटलं, त्या घटकेला झाला. सभागृहात गाव भरलेलं होतं, आणि गाव हसलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी भाऊजींच्या पुष्कळ गमती सांगणार आहे आणि तुम्हालाही हसू येणार आहे. हसा. पण कुणाला हसताय ते ठाऊक असू द्या. अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात रस्त्याविषयी कधीही खोटं न बोललेला माणूस शोधायला निघालात, तर पुढारी, ठेकेदार, जीपवाले आणि आम्ही मोर्चेवाले असे सगळे एकेक करून गळतील आणि शेवटी तुम्ही माझ्या मावसबहिणीच्या ओसरीवर येऊन थांबाल. तिथे मोडीत निघालेल्या जीपच्या सीटवर, हातात स्टेअरिंग, पायाशी तीन पेडलं आणि समोर संगणकाचा पडदा घेऊन जो माणूस कपाळाला आठ्या घालून बसलेला असेल, तेच माझे भाऊजी. त्याच माणसाला गावानं खोटारडा ठरवलं.

भाऊजींचं इथल्याच, आमच्या जिल्ह्यातल्या गोरेगावला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते संगणकावर गाड्यांच्या शर्यतीचे गेम खेळत. खेळत म्हणजे काय, भांडत. "हे गेमवाले म्हणतात, हुबेहूब. कशाचं हुबेहूब?" असं ते झेरॉक्सला आलेल्या माणसाला विचारत. त्या बिचाऱ्याला आधार कार्डाच्या दोन प्रती हव्या असत. "गाडीचा एकेक नट दाखवतेत, टायर तापलं तं तेबी दाखवतेत. अन् रस्ता? रस्ता नुसता आरशावानी. एक म्हैस न्हाई. असा रस्ता असतो का कुठं?" मग त्यांना कळलं की त्यातल्या एका गेमला आपला आपण रस्ता जोडता येतो. त्या दिवसापासून माझी ताई नवऱ्याला मुकली असं ती स्वतःच सांगते. "घरातलं मीठ संपलेलं ह्यांना दिसत न्हाई, पण रस्त्यावरची खडी निघालेली लांबून दिसती," ती म्हणते. भाऊजींनी जगातले सगळे झकपक रस्ते सोडले आणि गेमात आमचा रस्ता घातला. आमचा म्हणजे गावापासून मोठ्या डांबरी रस्त्याला लागणाऱ्या फाट्यापर्यंतचा. त्याला रस्ता म्हणायचं ते कागदोपत्री तसा उल्लेख आहे म्हणून.

आता सगळ्यात मोठी गंमत. भाऊजींना खरी गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा ते उतारावर हातात धरून नेतात. गोरेगावला जायचं तर जीपनं, आणि जीपमध्ये बसायचं तर ड्रायव्हरशेजारीच. तिथे बसून ते गिअर पडल्याच्या आवाजावर मान हलवत, चुकीचा पडला की जीभ चुकचुकवत. एकदा चढावर ड्रायव्हरनं गिअर बदलल्यावर भाऊजी शांतपणे म्हणाले, "तिसऱ्यात काहून टाकली?" ड्रायव्हरनं गाडी थांबवली. "मालक, तुमी चालवता का?" भाऊजी म्हणाले, "मला येत न्हाई." ड्रायव्हर म्हणाला, "मंग मागं बसा." त्या दिवशी मागे शेळी होती. भाऊजी शेळीशेजारी बसून गोरेगावपर्यंत गेले आणि घरी आल्यावर गेममध्ये त्या चढावर तिसरा गिअर टाकला की इंजिन कण्हेल अशी व्यवस्था करून मगच जेवले. राग नावाची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. अपमान झाला की त्यांना फक्त नवी माहिती मिळे.

रस्ता गेममध्ये घालायचा तर मोजायला हवा. म्हणून सुट्टीच्या दिवशी भाऊजी डोक्याला रुमाल बांधून, हातात टेप आणि खुणा केलेली काठी घेऊन खड्डे मोजत निघत. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, काठ कसा आहे, धारदार की घसरता, सगळं. खड्ड्यांना त्यांनी नावं दिली होती, घरातल्या भांड्यांची. पसरट तो परात, खोल तो रांजण, वळणावरचा दिसत नाही तो तवा. एकदा असेच ते रांजणात काठी घालून उकिडवे बसले असताना शेजारच्या वावरातले एक म्हातारे बाबा धावत आले. त्यांना वाटलं, सरकारी मोजणी आली, रस्ता रुंद होणार, आपली पट्टी जाणार. त्यांनी भाऊजींना लिंबाखाली बसवलं, चहा पाजला, भुईमुगाच्या शेंगा खिशात घातल्या आणि म्हणाले, "साहेब, मोबदला बराबर द्या, बस." भाऊजींनी परोपरीनं सांगितलं की बाबा, मी साहेब नाही, मी हा रस्ता खेळात घालतोय. म्हाताऱ्या बाबांनी काठी हातात घेऊन तिच्यावरच्या खुणा पाहिल्या. मग म्हणाले, "सरकारनं केला न्हाई, म्हणून तुमी खेळात करून राहिले?" भाऊजी म्हणाले, "करून न्हाई राहिलो, बाबा. हाय तसा ठेवून राहिलो." तेव्हापासून गावात त्यांचं नाव 'मोजणीवाले' पडलं, आणि पाऊस उघडला की लोक त्यांना खबर आणून देऊ लागले: "मोजणीवाले, परात फुटली. आता दोन झाल्या." भाऊजी टेप घेऊन उठत. रस्ता बदलला की गेमही बदलायचा, हा त्यांचा नियम. कुणी भल्या माणसानं एखाद्या खड्ड्यात मुरूम टाकून तो बुजवला, तर भाऊजी त्याचे आभार मानत आणि घरी येऊन उसासा टाकत, कारण आता पुन्हा मापं.

गेम तयार झाला आणि गावातली तरुण पोरं ओसरीवर रांगेनं बसली. मीही होते. खरं सांगते, तो गेम नव्हता, शिक्षा होती. जीपच्या सीटखाली भाऊजींनी जुन्या वॉशिंग मशीनची मोटर बसवली होती. खड्डा आला की ती सीटला असा हिसका देई की दात वाजत. स्टेअरिंगही हातातून निसटून जाई. पण त्याच्याही आधी, गाडी सुटतच नसे. पहिल्या पोराला बसून बराच वेळ झाला तरी पडद्यावरची जीप जागची हलेना. "बिघडलं का हो?" त्यानं विचारलं. भाऊजी म्हणाले, "सीटा भरू दे." पडद्यावर एक म्हातारी पिशवी घेऊन सावकाश येत होती. "सीटा भरल्याबिगर कधी गाडी सुटली का आपल्याकडं?" ते पोरगं सीटा भरेपर्यंत थांबलं, मग क्लच सोडताना गाडी बंद पाडली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पाडली, आणि निघालं तेव्हा पहिल्याच रांजणात टायर पंक्चर झालं. त्यानं बटणं दाबून पाहिली. भाऊजी म्हणाले, "बस आता. स्टेपनी बदलायला येळ लागतो." आणि गेममध्ये खरोखरच तेवढा वेळ लागला. रांगेतली पोरं एकेक करून उठली. त्यांच्या खिशातल्या मोबाइलवर शर्यतीचे सोपे गेम होते, ज्यात रस्त्यावर पुढे निळी रेघ दिसते, त्या रेघेवरून गाडी नेली की झालं. भाऊजी त्या रेघेला रांगोळी म्हणत. "रांगोळी पाहून गाडी चालवायची म्हणजे लग्नाची वरात झाली." आणि अपघात झाला की थोडं मागे जाऊन पुन्हा चालवता येणारं जे बटण असतं, ते म्हणजे यमाला दिलेली लाच, असं त्यांचं मत होतं.

माझा आणि त्यांचा वाद इथेच सुरू झाला. आम्ही काही जणी आणि काही जण मिळून फाट्यापर्यंतच्या ह्या रस्त्यासाठी भांडतो. पत्रकं वाटतो, निवेदनं देतो, कचेरीच्या पायऱ्यांवर बसतो. निवेदन वाचून कुणाचा मणका हलत नाही. कचेरीतून माणूस पाहणीला येतो तो चांगल्या गाडीतून, काच वर करून, उन्हाळ्यात. त्याला तो रस्ता अंगाला लागतच नाही. आणि इकडे माझ्या भाऊजींच्या ओसरीवर एक यंत्र होतं जे तो रस्ता कुणाच्याही अंगाला लावू शकत होतं, फक्त त्यावर कुणी बसायला तयार नव्हतं. मी म्हटलं, "भाऊजी, थोडं सोपं करा. कुणी खेळलंच न्हाई तर तुमचं खरं कुणाच्या कामाचं?" ते म्हणाले, "अन् खोटं खेळले तर ते कुणाच्या कामाचं, पुढारीणबाई?" ते मला पुढारीणबाई म्हणतात. मी म्हटलं, ज्याला क्लच ठाऊक नाही त्यानं हा रस्ता कळून घ्यायचाच नाही का. शाळेतल्या बाई, अंगणवाडीताई, कचेरीतले साहेब, ह्यांनी आधी ड्रायव्हर व्हायचं आणि मग आमचं दुःख समजून घ्यायचं का. भाऊजी दुकानात निघून गेले. चार-आठ दिवस गेले. मग एका सकाळी शेंगा सोलता सोलता म्हणाले, "गाडी सोपी करीन. रस्ता सोपा करणार न्हाई."

हे वाक्य मी तेव्हा पत्रकावर छापायला हवं होतं, इतकं ते मोलाचं आहे. आणि त्यांनी ते अक्षरशः पाळलं. 'शिकाऊ' नावाची एक पायरी केली, तीत गिअर आपोआप पडत, गाडी बंद पडत नसे, ब्रेक थोडा आपला आपण लागे आणि सीटा लवकर भरत. पण परात परातीच्याच जागी होती आणि सीटखालची मोटर तेवढाच हिसका देत होती. पुढची पायरी 'रोजचा', म्हणजे क्लचसकट. त्याच्या पुढे 'पावसाळा', तो फक्त भाऊजी खेळत. आता शाळेतल्या बाईसुद्धा ओसरीवर येऊन बसल्या, फाट्यापर्यंत गेल्या, उतरताना कंबर धरून म्हणाल्या, "अगबाई, मी रोज ह्याच्यावरून येते?" रोज ज्या रस्त्यानं येतात तोच रस्ता त्यांना त्या दिवशी दिसला. रांगोळीसाठी मात्र पोरांनी कितीही गळ घातली तरी भाऊजी ढळले नाहीत. "रेघ दिसली की माणूस रेघेकडं बघतो. रस्त्याकडं कोण बघन?"

असा हा माणूस आयुष्यात एकदाच वाकला, आणि तो आईसाठी. भाऊजींच्या आईला सगळी गल्ली मोठीमाय म्हणते. दोन पावसाळ्यांपूर्वी जीप रांजणात आदळली तेव्हा मोठीमाय मागच्या बाकावर होती. मणक्याला मार बसला. तेव्हापासून तिला हादरा सोसत नाही. तिचं माहेर साखरा. तिथे भाऊ आहे, भावजय आहे, तिनं लहानपणी पाणी भरलेली विहीर आहे. पण फाटा ओलांडल्याशिवाय साखऱ्याला जाता येत नाही, आणि फाट्यापर्यंतचा रस्ता तिला बंद झाला. लेकाचा खेळ ती दाराआडून पाहत असे. एकदा म्हणाली, "मला बसू दे रे. मी साखऱ्याला जाऊन येते." भाऊजींनी तिला 'शिकाऊ'वर बसवलं, मोटर अगदी बारीक केली. पहिल्याच परातीला मोठीमायनं डोळे मिटून घेतले. "पोरा," ती म्हणाली, "इथंबी हादरेच का रे?"

भाऊजींनी त्यानंतर जे केलं ते त्यांच्या सगळ्या तत्त्वांच्या विरुद्ध होतं. त्यांनी फाट्यापर्यंतचा अख्खा रस्ता सपाट केला. मोटर बंद ठेवली. फाट्याच्या पुढे साखऱ्यापर्यंतची वाटही घातली, आणि थेट गावापासून कडेनं बाभळी लावल्या, कारण मोठीमायच्या आठवणीत तिथे बाभळी होत्या, तोडल्या गेल्या त्याच्या आधीच्या. स्टेअरिंग नुसतं धरायचं. गाडी आपली आपण जाते. पडद्यावरच्या यादीत सगळ्या पायऱ्यांच्या खाली ह्या रस्त्याची एक रिकामी ओळ होती, तिला नावच दिलं नव्हतं. मोठीमाय सकाळी चहा झाला की तिथे बसे. बैलगाडीच्या चालीनं जाई. मधेच म्हणे, "थांब जरा, इथं सावली हाय," आणि भाऊजी, जे पंक्चर काढायलासुद्धा कुणाला सवलत देत नसत, ते गाडी थांबवून आईशेजारी जमिनीवर बसून राहत. मला पाहिल्यावर ओशाळून म्हणाले, "हे गेमात धरू नको. हे रस्ता न्हाई." मी म्हटलं, मग काय आहे. ते म्हणाले, "तिला जायचं असतं."

तेव्हा पोळ्याच्या करीचं ऐका. आम्ही खूप खटपट करून कचेरीतल्या साहेबांना गावात आणलं होतं. त्या वर्षीच्या कामांत कुठले रस्ते घ्यायचे ते त्यांच्या शिफारशीवर ठरणार होतं. आमचा बेत साधा होता. साहेबांना भाषण ऐकवायचं नाही, निवेदन द्यायचं नाही. सभागृहात भाऊजींचं यंत्र मांडायचं, साहेबांना 'शिकाऊ'वर बसवायचं आणि फाट्यापर्यंत न्यायचं. बाकी परात आणि रांजण बोलतील. भाऊजींनी नवा सदरा घातला होता. सकाळी यंत्र हलवायच्या आधी मोठीमाय म्हणाली, "नेण्याआधी एकडाव जाऊन येते, मंग न्या." ती जाऊन आली. सगळी घाई झाली. सीट, पडदा, वायरी, सगळं हातगाड्यावर घालून सभागृहात नेलं. भाऊजी जोडाजोड करतात तोवर साहेब आले. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. सरपंचांनी हार घालून त्यांना थेट सीटवरच बसवलं. भाऊजींच्या हातात वायर होती, तोंडात स्क्रूचा पाना होता. कुणीतरी बटण दाबलं. आणि ते यंत्र, सकाळी शेवटी जी ओळ चालू होती, त्याच ओळीवर उघडलं.

पडद्यावर बाभळी पाहिल्या आणि मला कळलं, ही मोठीमायची बिननावाची ओळ. साहेब निघाले. गाडी लोण्यावरून गेल्यासारखी गेली. साहेब माणूस वाईट नव्हते, हेही सांगते. त्यांनी एका हातानं स्टेअरिंग धरलं, मग तोही काढला, आणि गाडी आपली आपण सावलीसावलीनं जात राहिली. "अरे वा," ते म्हणाले. फाटा आला. ते वळून आमच्याकडे पाहून हसले, टाळी दिली आणि ते वाक्य बोलले. "तुम्ही म्हणता तेवढा काही वाईट नाही हो." मी पुढे झाले. भाऊजींनी पाना तोंडातून काढला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, अगदी हलकी. नको. त्यांची नजर पहिल्या रांगेत गेली. तिथे खुर्चीत, पाठीला उशी लावून मोठीमाय बसली होती. लेकाचा मान होतोय म्हणून तिला उचलून आणलं होतं. ती टाळ्या वाजवत होती. भाऊजींनी तोंड उघडलं असतं तर चूक कुणाची ते सभागृहाला कळलं असतं, आणि तिला तर पहिल्यांदा कळलं असतं. त्यांनी ते उघडलं नाही. कुणीतरी विचारलं, "मोजणीवाले, खड्डे कुठं गेले?" भाऊजी म्हणाले, "यंत्र बिघडलं. माझ्याकडून." दुसरी पायरी लावून दाखवा म्हणेपर्यंत साहेब उठले होते. जाताना स्टेअरिंगवर हात ठेवून त्यांनी फोटो काढला. मागे पडद्यावर सपाट रस्ता.

तो फोटो संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरला. 'असा झाला पाहिजे' म्हणून काहींनी पाठवला, 'असाच आहे' म्हणून काहींनी, आणि बहुतेकांनी नुसता हसून. पुढे कामं जाहीर झाली त्यात आमचा रस्ता नव्हता. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "तुमच्या गावानंच तर दाखवलं." गावानं मग कुणाला तरी धरायचं म्हणून भाऊजींना धरलं. त्यांनी साहेबांना खूश करायला मुद्दाम सपाट केला, त्यांना काहीतरी मिळालं असणार, असंही बोलून झालं. ते दिसले की "मोजणीवाले, आमच्या घरचा जिनाबी सपाट करून द्या की," जीपमध्ये बसले की "मोजणीसाहेबांना मधी घ्या, रस्ता त्यांच्या घरचा हाय." भाऊजी खिडकीबाहेर बघत. आता त्यांची जीभ चुकचुकत नव्हती. ड्रायव्हरनं चढावर तिसरा टाकला तरी नाही.

दिवाळीनंतर मोठीमायची पाठ फारच दुखायला लागली. नांदेडला तिच्या लेकीकडे न्यायचं ठरलं, दवाखाना तिथे जवळ. मी त्या गाडीत होते. मोठीमायला मागच्या सीटवर झोपवलं होतं, भाऊजींच्या मांडीवर तिचं डोकं होतं. त्यांना पुढचा रस्ता दिसतही नव्हता. पण गाव सुटल्यापासून ते हळू आवाजात ड्रायव्हरला सांगत राहिले. "आता डावीकडून. परात हाय. हळू. अजून हळू. आता मधून. इथं काठ धारदार हाय, दुसऱ्यात घे." तोच ड्रायव्हर होता, शेळीवाला. एक शब्द उलट बोलला नाही, सांगतील तशी गाडी घेतली. फाट्यापर्यंत मोठीमाय एकदाही कण्हली नाही. डांबरी लागल्यावर ड्रायव्हरनं आरशातून मागे पाहिलं आणि म्हणाला, "मालक, तुमी म्होरं बसत जा." भाऊजींनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ह्या रस्त्यानं त्यांना परत नेऊ नका. रस्ता होईस्तोवर इथेच राहू द्या.

मोठीमाय तेव्हापासून नांदेडला आहे. मागच्या महिन्यात मी तिला भेटायला गेले होते. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसली होती, खाली रस्ता गुळगुळीत, गाड्याच गाड्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी माझाच रस्ता चालू होता न्हाई का गं?" मी तिच्या पाठीची उशी सारखी केली. "साहेबाच्या गाडीच्या कडंनं माझ्या बाभळी चालल्या होत्या. मला काय दिसत न्हाई? पण लेकानं अंगावर घेतलं, मंग मी टाळ्या वाजवल्या. आता त्याला वाटतं मला ठाऊक न्हाई. असू दे म्हणलं. त्याला तेवढंच बरं वाटत असंल तं." मग पदरानं चष्मा पुसत राहिली. "पण लोक त्याला हसून राहिले म्हणं. ते काही बरं न्हाई. किती दिवस आमी दोघं गप बसायचं? तू लिहितीस ना पत्रकं? लिही." मी म्हटलं, लिहिते. ती म्हणाली, "अन् त्याला सांग, ते माझं मोडू नको म्हणून. मी आले की लागंल."

त्यांनी ते मोडलेलं नाही, मी पाहून आले. पण कुठलंच चालूही नाही. यंत्रावर चादर टाकलेली आहे. ओसरीवर आता कुणी येत नाही. दुकानातून आल्यावर भाऊजी त्या सीटवर नुसते बसतात, चादरीवरून स्टेअरिंगवर हात ठेवून. पावसानं रस्ता पुन्हा बदलला, नव्या खड्ड्यांना नावं नाहीत, टेप खुंटीला आहे. मी म्हटलं, "भाऊजी, आपण पुन्हा कचेरीत जाऊ. ह्या वेळी 'शिकाऊ' आधी लावून." ते म्हणाले, "पुढारीणबाई, मी आलो तं लोक रस्त्याकडं न्हाई, माझ्याकडं बघतील." त्यांचं बरोबर आहे. ते बरोबर असावं, ही लाजेची गोष्ट आहे, आणि ती लाज त्यांची नाही.

तेव्हा हे वाचणाऱ्या तुम्हाला सरळ सांगते. तो फोटो ज्याला ज्याला पाठवलात, त्याला त्याला हे पाठवा. येत्या सोमवारी आम्ही कचेरीवर जाणार आहोत. तुम्ही या; पण एकटे येऊ नका. सकाळी आधी भाऊजींच्या ओसरीवर जा. माफी मागायला जड जात असेल तर मागू नका, नुसती ती चादर काढा, सीटवर बसा आणि म्हणा, लावा. पाठीला हिसका बसू द्या. उतरल्यावर सीट, पडदा, वायरी हातगाड्यावर घालायला त्यांना हात लावा. ते नाही म्हणतील. थांबा. मोठीमायला गॅलरीतून खालचा रस्ता पाहत किती दिवस बसवायचं ते त्यांना विचारू नका, स्वतःला विचारा, आणि त्यांना घेतल्याशिवाय येऊ नका.